चतुर पंडिताची शाळा

हीरक महोत्सवी स्मरणिकेची तयारी सुरू झाली, तेव्हा शाळेच्या जुन्या दप्तरातून एक वही हाती आली. शाळेच्या अगदी आरंभीच्या काळातील संगीत शिक्षकांनी ती स्वहस्ते लिहिलेली आहे. कागद पिवळा पडलेला, शिवण उसवलेली, पण अक्षर मोत्यासारखे. या वहीत दोन गीते शेजारी शेजारी आहेत. पहिले आपल्या शाळेचे मूळ स्वागतगीत. त्याचे शब्द पूर्ण आहेत, परंतु त्याची चाल कोणालाच सांगता येईना. पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी केले. एका भगिनींना ध्रुवपदाची सुरुवात आठवली, एका गृहस्थांना अंतऱ्यातील एक ओळ. पण दोघांच्या चाली एकमेकींशी जुळेनात. गुरुजींना जाऊन तर बरीच वर्षे लोटली.

दुसऱ्या गीताची गोष्ट निराळी. ती पावसाळ्यातील एक लहानशी प्रार्थना आहे आणि तिच्या शब्दांवर सा, रे, ग ही अक्षरे मांडलेली आहेत. काही अक्षरांच्या खाली टिंब, काहींच्या वर टिंब, काहींच्या खाली आडवी रेघ. आमच्या आजच्या संगीत शिक्षिकेने वही पेटीवर ठेवली आणि दहा मिनिटांत ती प्रार्थना गाऊन दाखवली. जी चाल आमच्यापैकी कोणीही कधी ऐकली नव्हती, ती त्या दुपारी शिक्षककक्षात पुन्हा उमटली. एकाच हाताने लिहिलेल्या दोन गीतांपैकी एक मुके झाले आणि एक बोलू लागले. या दोहोंत अंतर होते ते केवळ त्या टिंबांचे आणि रेघांचे.

ती टिंबे आणि रेघा ज्यांनी घराघरांत पोचवल्या, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र या निमित्ताने आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते परीक्षेच्या पुस्तकावरचे नाव म्हणून. परंतु हा मनुष्य व्यवसायाने गवई नव्हता, वकील होता. आणि अंतःकरणाने शिक्षक होता. त्यांच्या आयुष्यातील मोठे कार्य जेथे फळाला आले ते शहरही आपल्या मुलखापासून दूरचे, लखनऊ.

विष्णुपंतांचा जन्म मुंबईतील वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घर मध्यमवर्गीय, सुसंस्कृत. गाण्याची आवड होती, परंतु गाणे हा उपजीविकेचा मार्ग मानण्याचा तो काळ नव्हता. मुलाने इंग्रजी शिक्षण घ्यावे, पदवी मिळवावी आणि प्रतिष्ठेच्या व्यवसायात शिरावे, ही त्या काळच्या पांढरपेशा घरांची रीत. विष्णुपंतांनी ती निष्ठेने पाळली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये एल्एल. बी. झाले. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

या सरळ वाटेला समांतर अशी दुसरी एक वाट त्यांच्या आयुष्यात चालू होती. विद्यार्थिदशेतच ते वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमी सद्गृहस्थांनी १८७० मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तेथे नामांकित गवई येत, गाणे होई, शिक्षणही मिळे. तेथेच रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी धृपदांचा मोठा संग्रह आत्मसात केला. ऐकावे, शिकावे आणि घरी येऊन टिपून ठेवावे, असा त्यांचा क्रम पडला.

टिपून ठेवण्याची निकड का भासावी, हे समजण्यासाठी त्या वेळच्या संगीताची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हिंदुस्थानी संगीत तेव्हा घराण्यांच्या कंठांत राहत होते. एखादी दुर्मिळ चीज म्हणजे घराची ठेव. ती मुलाला द्यावी, फार तर एकनिष्ठ शिष्याला द्यावी, परक्याच्या कानावर पूर्ण पडू देऊ नये. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून चिजा दिल्याच्या कथा सांगितल्या जातात, त्यांतूनही त्या ठेवीचे मोल कळते. ही राखण अगदी निष्कारण नव्हती, कारण कलावंताची भाकरी तिच्यावर अवलंबून होती. पण राखणाऱ्याला मुलगा नसला, शिष्य नसला किंवा अवचित मृत्यू आला, तर ती ठेव त्याच्याबरोबरच चितेवर किंवा कबरीत जाई. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले, वाजिद अली शाह यांना कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जावे लागले, पाठोपाठ १८५७ चा प्रलय आला. अनेक दरबार उठले आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे कलावंत देशोधडीला लागले. पुढच्या दोन पिढ्यांत किती चिजा नाहीशा झाल्या याची गणती कोणाजवळ नाही. जे लिहिलेलेच नाही, ते हरवल्याची नोंद तरी कोठे व्हावी?

विष्णुपंतांच्या घरावरही मृत्यूची छाया पडली. १९०० मध्ये त्यांच्या पत्नी निवर्तल्या आणि १९०३ मध्ये त्यांची मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली. चाळिशी ओलांडलेला, चांगल्या व्यवसायात स्थिरावलेला एक गृहस्थ वह्या बरोबर घेऊन देशाटनाला निघाला. त्या दुःखाविषयी अधिक लिहिण्याचा मोह येथे टाळते. त्यापुढची तेहतीस वर्षे त्यांनी ज्या नेटाने वेचली, तीच त्याविषयी पुरेसे सांगून जातात.

प्रवास त्यांनी याआधीही केले होते. १८९६ मध्ये ते गुजरात आणि काठेवाडात हिंडले होते. १९०४ मध्ये ते दक्षिणेस गेले. मद्रास, तंजावर, मदुरा ही विद्येची ठिकाणे पाहत ते एट्टयापुरम् या छोट्या संस्थानात पोचले. तेथे सुब्बराम दीक्षितर हे कर्नाटक संगीताचे वृद्ध पंडित राहत असत. त्यांच्याजवळ व्यंकटमखी या सतराव्या शतकातील शास्त्रकाराचा चतुर्दंडीप्रकाशिका हा ग्रंथ होता. सप्तकातील बारा स्वरांतून ७२ मेल कसे सिद्ध होतात याचे गणित व्यंकटमखींनी त्यात मांडले होते. विष्णुपंतांना येथे मोठी किल्ली सापडली. दक्षिणेत रागांना नीट वर्गीकरण आहे, ते शिकवता येते; मग उत्तरेतच असा गोंधळ का असावा, हा प्रश्न घेऊन ते परतले. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम्, हैदराबाद अशी त्यांची फेरी झाली. १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, गया, मथुरा, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी उत्तरयात्रा झाली. जेथे जात तेथे ते गवयांना ऐकत, पंडितांना भेटत, ग्रंथसंग्रह धुंडाळत आणि रात्री दिवसभराचा वृत्तांत रोजनिशीत लिहीत. वकिलाची जात त्यांनी सोडली नव्हती. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते विद्वानांना प्रश्न विचारीत: हा राग तुम्ही असा गाता, त्याला आधार कोणता, ग्रंथात असे आहे, मग गाण्यात तसे का? पुष्कळ ठिकाणी त्यांना मौन मिळाले, काही ठिकाणी रागही सोसावा लागला.

ग्रंथ मिळाले तरी अर्धेच काम होत होते. खरा खजिना उस्तादांच्या कंठांत होता आणि तेथवर पोचणे ग्रंथालयात शिरण्याहून कठीण होते. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंगाच्या परंपरेतील थोर गवई. त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून विष्णुपंतांनी घराण्याच्या चिजा ऐकल्या, फोनोग्राफवर घेतल्या आणि स्वरांत उतरवल्या. आपल्या घरची ठेव अशी बाहेर गेल्याचे कळताच वडील संतप्त होऊन मुंबईस आले, अशी हकीकत सांगतात. मात्र या भेटीचा शेवट भांडणात झाला नाही. समोरचा मनुष्य या चिजा विकण्यासाठी घेत नाही, त्या मरू नयेत म्हणून घेतो आहे, हे त्या वृद्ध कलावंताला पटले. त्यांनी विष्णुपंतांना शिष्य मानले आणि शेकडो चिजा आपणहून दिल्या. पुढे रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारातील बीनकार वजीर खाँ यांचेही शिष्यत्व विष्णुपंतांनी पत्करले. वजीर खाँ हे तानसेनाच्या वंशपरंपरेतील. स्वतः ग्रंथकार म्हणून मान्यता पावलेल्या माणसाने उतारवयात पुन्हा शिष्य व्हावे, गुरूपुढे खाली बसावे, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना तरी विसरता येण्यासारखी नाही.

जमवलेले सारे आता मांडायचे होते. १९१० च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. चतुर पंडित असे टोपणनाव घेतले. त्याच वेळी हिंदुस्थानी संगीत पद्धति या ग्रंथमालेचा पहिला भाग निघाला. या मालेचे चार भाग आहेत आणि शेवटचा भाग १९३२ मध्ये बाहेर पडला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून सारे शास्त्र त्यात उलगडत जाते. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, कधी गुरू कबूलही करतो की येथे ग्रंथांचे एकमत नाही. येथेही लेखक म्हणून विष्णुशर्मा हे टोपणनाव, आणि हा विष्णुशर्मा अधूनमधून चतुर पंडिताचे मत आधारासाठी पुढे करतो! दोघेही एकच, हे वाचकाला कळते तेव्हा त्या गंभीर ग्रंथातही हसू फुटते.

आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळेने अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. हे चारही भाग मूळ मराठीत आहेत. विष्णुपंत इंग्रजी उत्तम जाणत होते, परिषदांतून इंग्रजीत भाषणे करीत होते, संस्कृतात श्लोकरचना करीत होते. परंतु उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचा आधुनिक काळातील सर्वांत विस्तृत शास्त्रविचार जेव्हा शिष्याला समजावून सांगायचा होता, तेव्हा त्यांनी आपली मातृभाषा निवडली. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्याचे हिंदी अनुवाद काढले आणि तो ग्रंथ साऱ्या उत्तरेत पोचला. मराठी ही ज्ञानाची भाषा होऊ शकते का, या प्रश्नावर आज सभा भरतात. शंभर वर्षांपूर्वी एका मुंबईकराने त्याचे उत्तर चार भागांत लिहून ठेवले आहे.

त्यांच्या शास्त्राचा गाभा थोडक्यात असा. सारे प्रचलित राग त्यांनी दहा थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि गानसमय ठरवून दिले. रागाची लक्षणे त्याच रागात गुंफणारी लक्षणगीते रचली, म्हणजे मुलाने गाणे पाठ करावे आणि व्याकरण आपोआप मुखी यावे. आणि स्वरलिपी तर इतकी साधी केली की चौथीतील मूलही ती शिकेल. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ. एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली कंस. समेला गुणिले, खालीला शून्य. आमच्या गुरुजींच्या वहीतील खुणा त्या याच. या लिपीत त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग रचले आणि १,००० हून अधिक चिजा छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. मालिकेचे शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

या कार्यावर आक्षेप आले, आजही येतात, आणि त्यांतील काही खरे आहेत. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाच स्वर तेच; पण भूपात गंधार राज्य करतो, देशकारात धैवत. त्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलात, पण तो भेद थाटाच्या कोष्टकावरून कोणाला ऐकू यायचा नाही. तो गुरूच्या गळ्यातूनच यावा लागतो. मींड, कण, आंदोलन कागदावर खुणेने दाखवता येतात, ऐकवता येत नाहीत. निरक्षर गवयांविषयी विष्णुपंतांनी जे कठोर शब्द लिहिले, तेही आज वाचताना खटकतात, कारण त्यांचे ग्रंथ ज्यांच्या दानावर उभे आहेत त्यांत असेही कलावंत होते. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. मात्र लिपी अपुरी आहे हे त्यांना उमगले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. उमगले होते म्हणूनच पुस्तके छापून ते घरी बसले नाहीत. पुस्तकाला आवाज देणारा शिक्षक हवा आणि शिक्षकाला उभे राहायला शाळा हवी, या निष्कर्षाला ते पोचले होते.

शाळेचा हा विचार त्या काळी आणखीही एका विष्णूच्या मनात होता. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. भातखंडे यांनी संस्थानांचा आणि परिषदांचा मार्ग धरला. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. एरवी एकमेकांपुढे न गाणारे कलावंत आणि एकमेकांची मते न मानणारे पंडित एका मंडपात आले. १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये काशी अशा परिषदा झाल्या. १९१८ मध्येच माधवराव शिंदे यांच्या पाठबळाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले. तेथे शिकवायचे ते शिक्षक आधी मुंबईस येऊन विष्णुपंतांकडे ही पद्धती शिकून गेले. त्यांत राजाभैया पूछवाले यांच्यासारखे जाणते गायक होते. मात्र दिल्लीत राष्ट्रीय संगीत अकादमी व्हावी हे त्यांचे स्वप्न पुरे झाले नाही. ठराव झाले, आश्वासने मिळाली, संस्था उभी राहिली नाही.

ती उभी राहिली लखनऊला. १९२४ आणि १९२५ या दोन्ही वर्षांच्या परिषदा तेथे भरल्या. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला, आणि १९२६ च्या जुलैत तोपवाली कोठी या भाड्याच्या वास्तूत वर्ग सुरू झाले. १६ सप्टेंबर १९२६ रोजी कैसरबागेच्या बारादरीत गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते विधिवत उद्घाटन झाले. गव्हर्नरांच्या नावावरून संस्थेला मॅरिस कॉलेज म्हणू लागले. पुढे ही संस्था कैसरबागेतील परीखान्यात गेली. ज्या वास्तूत वाजिद अली शाह यांच्या काळी निवडक मुलींना नृत्यगायनाचे शिक्षण मिळे आणि नवाबाशिवाय इतरांना ते पाहणेही दुर्लभ होते, त्याच वास्तूत आता फी भरून कोणाच्याही मुलाला, कोणाच्याही मुलीला राग यमनचा पहिला पाठ मिळू लागला. नवाबी लखनऊच्या पडझडीत जे विखुरले होते, ते एका मराठी माणसाच्या हाताने पुन्हा लखनऊला परत आले, आणि या वेळी ते कोणा एकाचे उरले नाही.

येथे थोडे विषयांतर करते. आपल्या पटांगणावर दर शनिवारी कराटेचा वर्ग भरतो. मुले ओळीने उभी राहून काता करतात, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक अखंड मालिका. कोपर कोठे, टाच कोठे, श्वास केव्हा सोडायचा, हे शिक्षक प्रत्येकाच्या अंगाला हात लावून दुरुस्त करतात. या कातांचा इतिहास वाचताना मला विष्णुपंतांची वारंवार आठवण झाली. जपानच्या ओकिनावा बेटावर ही विद्या एकेकाळी अशीच गुप्त होती. निवडक शिष्यांना, दाराआड दिली जाई. आन्को इतोसू या वृद्ध गुरूंनी १९०१ च्या सुमारास ती प्राथमिक शाळेत नेली, लहान मुलांना झेपतील अशा पाच काता रचल्या आणि १९०८ मध्ये शिक्षणखात्याला पत्र लिहून या विद्येच्या शिक्षणाची सूत्रे मांडली. त्यांच्यावरही आक्षेप आला तो हाच, की शाळेत गेली आणि विद्या पातळ झाली. आक्षेपात तथ्य असेल. परंतु त्या बेटाबाहेर जगभरच्या पटांगणांवर आज मुले काता करतात, ती त्या शाळेच्या दारातून आल्यामुळेच. इतोसू १९१५ मध्ये वारले. त्यांची आणि भातखंड्यांची भेट कधी झाली नाही, एकमेकांची नावेही त्यांनी ऐकली नसतील. तरी एकाच काळात, दोन दूरच्या देशांत दोन गुरूंना एकच गोष्ट कळली होती. दाराआडची विद्या शुद्ध राहते, पण घर कोसळले की तिच्यासकट कोसळते.

लखनऊच्या शाळेला दैवाने योग्य शिक्षकही दिला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे बालवयातच विष्णुपंतांच्या हाताखाली आले होते. गुरूंनी त्यांना केवळ आपल्यापाशी ठेवले नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते उस्ताद फैयाझ खाँ यांच्याकडे गाणे शिकले. शास्त्र एका गुरूकडून आणि कंठ दुसऱ्याकडून, अशी ही घडण होती. लिपीच्या अपुरेपणावर विष्णुपंतांनी काढलेला हाच उपाय. १९२८ मध्ये रातंजनकर मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पैशाची कायमची चणचण सोशीत त्यांनी अनेक वर्षे ती संस्था चालवली. विष्णुपंत मुंबईहून येऊन तेथे मुक्काम करीत, वर्ग पाहत, परीक्षा घेत.

त्या शाळेतून कोण बाहेर पडले ते पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे लहानपणी लखनऊला गेले आणि गुरूच्या घरी राहून घडले; चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर हे तेथलेच. संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद हेही तेथे शिकले, म्हणजे ज्यांनी कधी बंदिश ऐकली नाही त्यांच्याही कानांवर त्या शाळेचे सूर पडलेले आहेत. पुढच्या काळात तबल्याचे महर्षी अहमदजान थिरकवाँ आणि गझलसम्राज्ञी बेगम अख्तर यांनी तेथे अध्यापन केले. उस्तादांचे घर आणि शाळेचा वर्ग यांच्यामधली भिंत त्या वास्तूत हळूहळू विरघळली.

विष्णुपंतांना हे सारे पाहायला मिळाले नाही. १९३३ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि अखेरची तीन वर्षे अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोकुळाष्टमीला आलेला हा जीव गणेश चतुर्थीला गेला. पुढे मॅरिस कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. २००० मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. टोपणनावांआड राहणाऱ्या चतुर पंडिताचे नाव आता प्रवेशद्वारावर आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ मी वर्गात उभी आहे. शिक्षकाच्या निवृत्तीच्या दिवशी आपण शाल देतो, श्रीफळ देतो, चार शब्द बोलतो. आणि त्यांनी आयुष्यभर कमावलेली शिकवण्याची रीत, एखादे गणित समजावण्याची हातोटी, एखाद्या कवितेची चाल त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जाऊ देतो. आपल्या स्वागतगीताचे तसेच झाले. ही चूक कोणा एकाची नाही. आपण सर्वांनी ते गीत इतके गृहीत धरले की ते लिहून ठेवावे असे कोणालाच वाटले नाही. शाळेच्या पटावरील संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना मी वेगळे सांगायला नको. अशा वेळी काय जपायचे आणि ते पुढे कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न मला रोज पडतो. विष्णुपंतांच्या चरित्राने त्याचे उत्तर क्रमवार दिले आहे: आधी नम्रतेने मागून घ्यावे, मग नीट लिहून ठेवावे, आणि त्यावर न थांबता पुढच्या मुलाच्या गळ्यात घालावे. यांतील एकही पायरी गाळता येत नाही.

म्हणून एक विनंती. महोत्सवाच्या दिवशी सकाळी सभागृहाशेजारच्या संगीत कक्षात आमच्या संगीत शिक्षिका पेटी घेऊन बसणार आहेत. पहिल्या दहा तुकड्यांतील ज्यांना स्वागतगीताची एखादी ओळ, अर्धी ओळ, नुसती एखादी हरकत आठवत असेल, त्यांनी तेथे येऊन ती गुणगुणावी. सूर चुकेल म्हणून संकोचू नये. चाली जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून घेऊ. सापडेल तेवढे गीत गुरुजींच्याच वहीत, त्यांनी कोऱ्या सोडलेल्या शब्दांवर, त्याच टिंबांनी आणि रेघांनी लिहिले जाईल. आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला ते इयत्ता पाचवीच्या मुलांना शिकवायला घेऊ.